सेट झालं का?

तळोद्यात कुणाच्या मयतीला गेलं की माणसं हात जोडून गप्प बसतात. सोहनभाऊ तिथेही गेलेल्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "रडू नको भाऊ. हळूहळू सेट व्हई जाशी."

सोहनभाऊ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. सारा जन्म भांड्यांच्या दुकानात गेला. आहेराचे लेमन सेट, डिनर सेट विकता विकता तो शब्द तोंडात बसला, तो बसलाच. मालिश केली की गुडघा सेट. गॅसवाल्याशी भांडण मिटलं की गॅसवाला सेट. मी चौथी शिकलेली. एकदा विचारलं, "ह्या शब्दाना अर्थ काय शे, भाऊ?"

"वयनी, जठे लावा तठे बसस!"

"मंग माणसापेक्षा बरा," मी म्हटलं.

त्यांची बायको कमलाबाई गेली. तेव्हापासून दही तेच लावू लागले. तिच्या हातचं विरजण होतं. रोज जुन्यातलं चमचाभर ठेवून ते पुढे चालवलं, एक दिवस खंड नाही. सकाळी भिंतीपलीकडून आरोळी यायची, "वयनी, दही सेट!"

"मंग खा ना! मले काय सांगस?"

औंदा मुलगा त्यांना कायमचं सुरतेला घेऊन गेला. मांडीवर विरजणाचा स्टीलचा डबा धरून भाऊ गाडीत बसले. आठवडा झाला नाही तोच एसटीने परत. थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"काय व्हयनं? सुरतले सेट नही व्हयनात?"

त्यांनी डबा उघडून दाखवला. आतून घासून लख्ख.

"सूननी धुई टाका. तिले वाटनं, शिळं शे." एवढा बोलका माणूस, नुसता झाकण फिरवत बसला.

मी आत गेले आणि माझ्या दह्यातलं वाटीभर आणून पुढे ठेवलं. फार वर्षांमागे माझं दूध नासलं होतं, विरजणही गेलं होतं. तेव्हा कमलाबाईनेच भिंतीवरून दिलं होतं. तेच माझ्याकडे चालू आहे, हे मी त्यांना सांगितलं.

"हाई... तिनं शे?"

"तिनंच. आंबट बी तिनासारखंच."

ते हसले. मग वाटी दोन्ही हातांनी धरून, ती हिंदकळू नये म्हणून पाय न उचलता, घासत घासत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी आरोळी नाही. शेवटी मीच बादली पालथी घालून तिच्यावर चढले आणि भिंतीवरून डोकावले.

"सोहनभाऊ, सेट व्हयनं का?"

त्यांनी पातेलं माझ्याकडे तिरकं केलं. दही हललं नाही.