बादलीचा दाखला

नवरोबांनी कॉम्प्युटरचं पोट उघडून त्यात पाण्याच्या नळ्या बसवल्या, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "चार वाजता क्लायंटला घर दाखवायचंय. आज नाही दाखवलं तर काम दुसऱ्याला जाईल. लक्षात आहे ना?"

बायको आर्किटेक्ट. अजून न बांधलेल्या घरातून माणसाला फिरवून आणणारी फिल्म कॉम्प्युटरवर तयार व्हायची होती, आणि तिला सहा तास लागणार होते. प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं तर काम निम्म्या वेळात उरकतं, असं नवरोबांनी कुठेतरी वाचलं होतं. पळवला की तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावरून पाणी खेळवायचं. फिश टँकचा जुना पंप होता, बादली होती. मासे केव्हाच गेले होते, त्यामुळे विरोध करायला कुणी उरलं नव्हतं.

"टेबलफॅन कुठाय गं? नळ्यांवर वारा सोडतो."

"तो मी वापरतेय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

सकाळी दहाच्या आत सगळं सुरू झालं. अकरा वाजता बायको डोकावली. "स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव अंश दिसतायत. लाल रंगात."

नवरोबा दयाळूपणे हसले. ते थर्मामीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. अमुक थर्मामीटर खरं बोलतो, असा दाखला त्यांच्या सहीशिक्क्याशिवाय निघत नसे. परिणामी घरातला ताप, दूध आणि हवामानखातं यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"त्या आकड्याला दाखला आहे का? हा बघ माझा थर्मामीटर." त्यांनी बादलीत सोडलेली वायर दाखवली. "सव्वीस! पाणी थंड म्हणजे प्रोसेसर थंड. आणि आवाज ऐक."

"कसला आवाज?"

"तेच तर! आवाजच नाही. याला म्हणतात वॉटर कूलिंग."

बायको नको तितक्या शांतपणे निघून गेली.

एक वाजला तरी फिल्म दिवाणखान्याच्या पुढे सरकेना. कॉम्प्युटर रडतखडत चालला होता. तो आळशीपणा करतोय असं ठरवून नवरोबांनी वेग आणखी वाढवला आणि खबरदारी म्हणून बादलीत फ्रीजमधला सगळा बर्फ ओतला. बादली चौदावर आली, स्क्रीन शंभरावर गेली. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि ज्याच्याकडे दाखला होता तो कसा बोलेल?

अडीच वाजता स्क्रीन काळी झाली. बटण दाबून, वायरी हलवून आणि शेवटी हात जोडूनही ती उजळली नाही. बायकोचं वर्षभरातलं सगळ्यात मोठं काम होतं ते.

तेवढ्यात नवरोबांच्या आई आल्या. "झालं का रे तुझं? मग तो पंप लावू परत? मावशीचा फोन आला होता, काही ऐकूच येईना त्याच्या घरघरीत. दहालाच प्लग काढून ठेवलाय मी."

म्हणजे साडेचार तास पाणी जागचं हललंच नव्हतं. प्रोसेसर तिकडे भाजत होता आणि बादली इकडे मजेत गार पडली होती. थर्मामीटर मात्र अगदी खरं बोलत होता, बादलीबद्दल.

नवरोबा मान खाली घालून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर बायकोचा जुना लॅपटॉप दोन उलट्या वाट्यांवर ठेवला होता, आणि टेबलफॅन त्याच्यावर वारा घालत होता. पडद्यावर न बांधलेल्या घराचा दरवाजा उघडला, दिवाणखाना आला, जिना आला, थेट गच्चीपर्यंत.

"हे कधी केलंस?"

"काल तू नळ्या घेऊन आलास ना, तेव्हाच लावलं. रात्रभर आणि सकाळभर चाललंय. मघाशी झालं."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"इतका खूश होतास. कसं थांबवू?"

नवरोबांना भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. बायकोने लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "गरम झालाय का बघ जरा. चारपर्यंत टिकायला हवा."

ते सवयीने थर्मामीटर आणायला वळले, मग थांबले आणि गुपचूप तळहात टेकवला.

"नाही. गारच आहे."

"नक्की?" तिने कागद-पेन पुढे केलं. "मग सहीशिक्क्यानिशी लिहून दे."