एका प्लगसाठी तीन गाणी

“कोणी सांगितलं होतं तुला?” वार्सिनीनं विचारलं.

तिच्या नवऱ्यानं, सुगेंगनं, आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग छपराकडे. “त्यानंच विचारलं. नवी सिस्टीम बसवू का म्हणाला. फुकट होती. वर लिहिलेलं पण होतं, आता बॅटरी जास्त टिकेल म्हणून.”

“आणि तू हो म्हणालास.”

“इतक्या आदबीनं विचारत होता गं!”

परवापर्यंत हाच लॅपटॉप एका चार्जवर चार तास निमूट चालायचा. नवी सिस्टीम चढल्यापासून तो भाताच्या गिरणीसारखा घरघरत होता, मांडीला चटके देत होता आणि पाऊण तासात मान टाकत होता. आत्ता छत्तीस टक्के उरले होते. जावातल्या या गावातली वीज सकाळीच गेली होती. संध्याकाळपर्यंत येणार नाही, हे मात्र आगाऊ कळवलेलं होतं. न येण्याच्या बाबतीत वीज फार शब्दाची पक्की.

आणि चार वाजता फॉर्म बंद होणार होता. वार्सिनी चौदा वर्षं गावच्या शाळेत शिकवत होती, हंगामी म्हणून. पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पूर्ण झाली की कायम नोकरीचा अर्जच करता येणार नव्हता. तीन दिवस सरकारी साइट उघडत नव्हती. आज उघडली तर लॅपटॉप असा. मोबाईलवर तो फॉर्म भरायची सोय नव्हती. ज्यानं फॉर्म बनवला त्याच्या घरी वीज जात नसणार.

तिनं नाव टाकलं. छत्तीसचे एकोणतीस झाले. पत्ता टाकला. एकोणतीसचे थेट सतरा.

“माझा पत्ता एवढा जड आहे का?” ती ओरडली आणि लॅपटॉप फाडकन मिटला. “गाडी काढ. पाक रेबोच्या मुलीचं लग्न आहे. तिथं जनरेटर आहे.”

सव्वादोनला ती मांडवात होती. घरच्या कपड्यांत, काखेत लॅपटॉप. पण जावानीज लग्नात येऊन सरळ प्लग शोधता येत नाही. पाक रेबोनं, म्हणजे रेबोरावांनी, तिला दारातच अडवलं. गावात सगळे तिला ‘बू गुरू’, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणत.

“बू गुरू! या, या. आधी जेवण.”

“पाक, मला फक्त प्लग...”

“न जेवता प्लग? लोक काय म्हणतील मला?”

तिनं उभ्याउभ्या भात आणि फणसाची भाजी गिळली. वधूवरांचे हात हातात घेतले, फोटो काढून घेतला. तीन वाजले. मांडवातल्या प्रत्येक प्लगला काहीतरी लटकलं होतं: पंखे, भाताचे कुकर, एका मामांची विजेवरची दुचाकी. एकच जागा मोकळी होती, स्टेजवर, ऑर्गनच्या शेजारी.

वाद्यवृंदाचा मालक गिनो मान हलवत म्हणाला, “स्टेजवरचा प्लग स्टेजवरच्या माणसाला. पाहुण्यानं गाणं म्हणायचं, ही रीतच आहे. गाणं म्हणा, प्लग घ्या.”

“बालवाडीचं चालेल?”

“बू, हे लग्न आहे.”

वार्सिनीनं माईक हिसकावला आणि नवऱ्याला चारचौघांत मानानं ‘मास’ म्हणत हुकूम सोडला. “मास सुगेंग, बस इथं. मी सांगते, तू टाईप कर.”

नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं गाणं तिनं धरलं. लग्नात तेच चालतं. भांडी घासताना म्हणून म्हणून तिला पाठ होतं. पहिल्या कडव्याला बायका उठून नाचू लागल्या. दुसऱ्या कडव्यात तिनं पाहिलं, पडद्यावर ‘बसवू का?’ विचारणारी नवी खिडकी उघडली होती, आणि सुगेंगचं बोट आदबीनं तिकडे निघालं होतं.

“मास सुगेंग, हात लावू नकोस!”

माईकवर. सुरात. मांडवातले चार नवरे बायकांपासून लांब सरकले.

दुसऱ्या गाण्यात अडचण निराळी आली. ऑर्गनच्या आवाजात सुगेंगला काही ऐकू येईना. मग त्यानंच दुसरा माईक घेतला.

“जन्मतारीख?”

तिनं सांगितली. “वाटत नाही!” मागून कोणीतरी ओरडलं.

“कधी तुरुंगवास?”

“नाही!” अख्खा मांडव म्हणाला.

“शिकवण्याचा अनुभव?”

“चौदा वर्षं!” हे वधूच म्हणाली. पाढे तिला वार्सिनीनंच शिकवले होते. नवरदेवही तिचाच विद्यार्थी, पण तो अजून बोटांवर मोजत होता. त्याला पाढे आले नव्हते.

तिसरं गाणं. चाराला सहा मिनिटं कमी. शेवटचा रकाना.

“तुम्हाला शिक्षक का व्हायचं आहे?” सुगेंगनं वाचलं.

वार्सिनीचा सूर थांबला. तिनं माईक खाली घेतला. तेव्हा वधूची आजी खुर्चीतूनच कडाडली, “व्हायचंय म्हणजे? चौदा वर्षं झोपला होता का रे भडव्यांनो?”

मांडवानं टाळ्या पिटल्या. सुगेंगनं ते जसंच्या तसं टाईप केलं आणि बटण दाबलं.

“मास! काय पाठवलंस?”

“आजी म्हणाल्या ते.”

तीन अठ्ठावन्न. उत्तर लगेच आलं: अर्ज मिळाला. आपला क्रमांक एकेचाळीस हजार तीनशे सहा. निकाल योग्य वेळी कळवला जाईल.

ती स्टेजच्या कडेला बसली. गिनो पाणी घेऊन आला.

“बू गुरू, आमची गाणारी बाळंतपणाला गेली ती परत येत नाही. येता का? शनिवारपासून. कायमचं काम.”

वार्सिनीनं मान वर केली. ‘कायमचं’ हा शब्द तिच्यासाठी आजवर कोणी वापरला नव्हता.

“फॉर्म कुठं भरायचा?”

“कसला फॉर्म?”

“वयाचा दाखला?”

“गळा आहे ना तुमच्याकडे?”

तिनं प्लग काढला. लॅपटॉप पंचेचाळीसवर होता. हातात घेईपर्यंत बावीसवर आला.

“शनिवारी दुपारनंतर येईन,” ती म्हणाली. “सकाळी मला शाळा असते.”