बारा पायऱ्या, बारा महाराज

एका जंगलात एक पाणवठा होता. पाणवठ्याकडे उतरणारा एक उतार होता. उताराच्या खाली पाण्यात एक मगर होती. मुलांनो, एवढं सांगितलं की निम्मी गोष्ट तुम्हाला कळलीच असेल. तुमच्यातल्या काहींना मिशा आहेत आणि मतदानाचं कार्डही आहे, हे मला दिसतंय. हरकत नाही. तुम्हीही मांडी घालून बसा.

उतार चिकणमातीचा होता. दर उन्हाळ्यात त्यावरून कुणीतरी घसरे आणि थेट मगरीच्या जबड्यात जाई. जंगलात तिला सगळे मगरमावशी म्हणत. मावशी जाडजूड आणि आळशी होती. आयतं घरंगळत येईल तेवढंच ती खाई. चढून कुणाला धरणं तिला कमीपणाचं वाटे.

कुणी घसरलं की दरबारातून पत्रक निघे : 'सदर ससा स्वतःच्या उतावळेपणामुळे मृत झाला. जनतेने हळू घसरावे.'

याच जंगलात हौसाबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. ती गवंडी होती. हाताला चांगली आणि जिभेला वाईट, अशी तिची ख्याती होती. तिची मैत्रीण होती मैनी हरणी. गेल्या उन्हाळ्यात मैनी उतारावरून घसरली. एका मुळाला अडकली म्हणून वाचली, पण मागचा डावा पाय कायमचा अधू झाला. यंदा ती पोटुशी होती. हौसाबाई रोज तिच्यासाठी भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी आणी.

"अक्का, तुझा तुंबा मला पुरत नाही गं," एक दिवस मैनी म्हणाली. "आता दोन जिवांची तहान आहे. उद्या मीच उतरते."

"आणि वर कोण येणार? मावशीचा ढेकर?"

हौसाबाई तडक दरबारात गेली. तिथे कारभारी तरस बसला होता. तरस सारखा हसे. विनोद झाला म्हणून हसतो, की कुणाचा तरी निकाल लागला म्हणून, हे कुणालाच कळत नसे.

"पाणवठ्याला बारा पायऱ्या पाहिजेत," हौसाबाई म्हणाली.

"कशाला?"

"उतरायला."

तरस हसला. "बाई, उतरायला उतार आहे की. नुसत्या पायऱ्यांत महाराजांना बघण्यासारखं काय असणार? काँक्रीट साधं असलं की ते काँक्रीटच राहतं. त्यावर नक्षी असली की त्याला योजना म्हणतात."

"मग करा नक्षी. मोर काढा, कमळं काढा, तुमचं शेपूट काढा. पण पायऱ्या द्या."

तीन दिवसांत मंजुरी आली. जंगलात सिमेंट कुठून आलं, असं विचारू नका. राज्यकारभारात असले प्रश्न विचारत नसतात.

हौसाबाईनं आधी मैनीला उतारापाशी उभं केलं.

"अधू पाय उचल. आणखी. दुखतंय?"

"आता दुखतंय."

"मग त्याच्या खालीच थांबायचं." तिनं पाठीवरचा एक काटा उपटला, मैनीच्या पायाशी धरला आणि तेवढ्यावर तोडला. "बाराही पायऱ्या या मापाच्या. एक जरी बोटभर चुकली ना, तरी पाय फसतो. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप शिकतो. पुढे तो डोळ्यांना विचारत बसत नाही."

मग तिनं उतार खणून पायऱ्यांचा आकार काढला. प्रत्येक पायरीच्या पुढे फळी उभी केली आणि बाहेरून टेकू ठोकले. प्रत्येक फळीला तो काटा लावून पाहिला. सातवी फळी केसभर वर होती. ती तिनं तीनदा उखडली. मदतीला आलेली माकडं वैतागून आंबे खायला निघून गेली.

काँक्रीट ओतायच्या दिवशी तरस आला. "वरची पायरी महाराजांच्या मानाची. आधी ती भरा."

"काँक्रीट खालून वर भरतात, कारभारी. वरून भरलं तर ओझ्यानं खालच्या फळ्या फुटतील आणि सगळा माल जाईल मावशीच्या तोंडात."

"चालेल की," खालून मावशी म्हणाली. तिला वाटलं, माल म्हणजे काहीतरी खायचं असावं.

"मान असा खालून वर येतो, हे मला माहीत नव्हतं," तरस म्हणाला.

"कुठल्याच कारभाऱ्याला माहीत नसतं," हौसाबाई म्हणाली, आणि तिनं पहिलं घमेलं सगळ्यात खालच्या पायरीवर ओतलं.

दुपारपर्यंत बाराही पायऱ्या भरल्या. थापीनं घोटून झाल्या. माल धरायला लागला. बोट दाबलं तर खळगा पडत होता, पण बोटाला काही चिकटत नव्हतं. नक्षी करायची ती याच घटकेला. थोडा वेळ गेला की दगड. हौसाबाई काट्यांनी आडव्या रेघा ओढणार होती. खुराला पकड मिळाली असती आणि दिसायलाही बरं दिसलं असतं.

एवढ्यात तरस धावत आला. त्याच्यामागे बारा लाकडी ठसे घेऊन बारा माकडं होती. प्रत्येक ठशावर सिंहमहाराजांचा चेहरा होता. एक हसरा, एक विचारमग्न, एक जनतेच्या दुःखानं व्याकूळ. एकात महाराज दूर कुठेतरी बघत होते. ते भविष्य असावं.

"पायऱ्यांच्या उभ्या अंगावर मारा," हौसाबाई म्हणाली. "पाय ठेवायच्या जागी कुणी चेहरा काढतं का?"

"उतरणाऱ्याला उभं अंग दिसतं का?"

"नाही."

"मग? उतरणाऱ्याची नजर खाली असते. म्हणून महाराजही खालीच पाहिजेत. लवकर करा बाई, वाळतंय ते!"

वाळत होतं, हे खरं होतं. हौसाबाईनं ठसे पाहिले. महाराजांच्या आयाळीच्या रेघा चांगल्या खोल होत्या. मैनीचा खूर त्यात छान अडकला असता. वाद घातला तर माल हातचा जाणार आणि मैनी पुन्हा उतारावर उभी राहणार.

"ठशांना राख लावा, नाहीतर चिकटतील," ती म्हणाली. "आणि सरळ दाबा."

इथे ती चुकली, मुलांनो. चांगली साळिंदरं अशीच चुकतात. घाईत, आणि चांगल्या कारणासाठी.

पुढचे चौदा दिवस हौसाबाई पायऱ्यांवर ओलं गवत अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिली. ते पाणी शेजारच्या उतारावरून ओघळे. उतार आता लोण्यासारखा झाला होता. मावशी रोज त्याच्याकडे बघून उसासे टाकी. "काय सुंदर उतार होता गं! आता त्याला कोण विचारणार?"

पंधराव्या दिवशी, भर वैशाखात, बरोबर दुपारी बाराच्या मुहूर्तावर उद्घाटन होतं. सगळं जंगल जमलं. मैनी पुढे उभी होती. गर्दी जमल्यामुळे हौसाबाईला सकाळपासून तुंबा भरता आला नव्हता. 'आज काय, पायऱ्याच मिळणार,' असं दोघींनी ठरवलं होतं. पण महाराज दीड तास बोलले. त्यात पाण्याचं महत्त्व एक तास होतं. त्यांच्याच घशाला कोरड पडली, तेव्हा ते थांबले. त्यांनी वेलीची फीत दातांनी तोडली आणि पहिल्या पायरीवर ठेवायला पंजा उचलला.

"थांबा महाराज!" पाण्यातून मावशी ओरडली. "कुणाच्या तोंडावर पाय देताय?"

महाराजांनी खाली पाहिलं. खालून महाराज त्यांच्याकडे बघून हसत होते.

पंजा हवेतच राहिला. आपल्या जंगलात पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात. इथे तर साक्षात राजाचं तोंड होतं.

तरसाचं हसू पहिल्यांदाच थांबलं. पण तो कारभारी होता. "मीही हेच म्हणणार होतो," तो म्हणाला. "या पायऱ्या आजपासून वंदनीय आहेत. त्यांच्यावर पाय ठेवणे हा राजद्रोह. पायरी संरक्षण समितीच्या अध्यक्षपदी मगरमावशींची नेमणूक करण्यात येत आहे. पाणवठ्यावर जाणाऱ्यांनी शेजारच्या उताराचा लाभ घ्यावा."

टाळ्या झाल्या. मावशीनं शेपटी पाण्यावर आपटली.

"अहो, पायऱ्या उतरायला असतात!" हौसाबाईचे काटे उभे राहिले. "आणि हिनं पाणी कसं प्यायचं? तो उतार बघा जरा! माशीसुद्धा घसरेल!"

"मावशी काळजी घेतील," तरस म्हणाला.

"घेईन की," मावशी म्हणाली. "ये गं लेकी. अलगद ये."

मैनीनं उताराकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. मग ती पहिल्या पायरीवर उतरली.

तिचा खूर महाराजांच्या आयाळीत नीट अडकला. तिनं अधू पाय उचलला. तो दुखला नाही. दुसरी पायरी. तिसरी. मग तिची मान सरळ झाली. ती खाली बघेनाशी झाली. हसऱ्या महाराजांवरून, विचारमग्न महाराजांवरून, व्याकूळ महाराजांवरून ती पाण्यापाशी पोहोचली आणि पोटभर प्यायली. तशीच परत वर आली.

"राजद्रोह! राजद्रोह!" मावशी ओरडत होती. इतकी देशभक्ती तिच्यात आहे, हे कुणाला माहीत नव्हतं.

"बाराही वेळा तोंडावर पाय दिलास!" तरस म्हणाला. "दिसलं नाही तुला?"

"मी पाण्याकडे बघत होते," मैनी म्हणाली. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

महाराजांनी शिक्षा सुनावायला तोंड उघडलं. पण त्यांची नजर त्या ठिबकत्या हनुवटीवर गेली आणि आवाजच फुटेना.

"गार आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"लई गार आहे, महाराज."

महाराजांनी उताराकडे पाहिलं. पायऱ्यांकडे पाहिलं. मग ते गरजले, "सगळ्यांनी डोळे मिटा! ही राजाज्ञा आहे!"

सगळ्यांनी डोळे मिटले. महाराजांनीही मिटले, कारण स्वतःच्या तोंडावर पाय पडताना बघणं त्यांनाही जड होतं. हौसाबाईनं मात्र एकच डोळा मिटला.

दुसऱ्या डोळ्यानं तिनं पाहिलं. एवढा मोठा राजा डोळे घट्ट मिटून पायऱ्या उतरत होता. एक पंजा चुकला तर तिचं डोकं, आणि मैनीचंही. नख वाजलं. एक. दोन. तीन. तीनदा उखडलेल्या त्या सातव्या पायरीशी हौसाबाई मान लांब करून बघू लागली.

सात. आठ. नऊ.

बारा.

मग बराच वेळ लपलप आवाज आला. मग पुन्हा बारा वेळा नखं वाजली. महाराज वर आले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "उघडा. काय झालं?"

"काहीच नाही, महाराज," सगळे म्हणाले.

"बरोबर. जो बघत नाही, त्याच्याकडून अपमान होत नाही. आजपासून हाच कायदा. पायऱ्यांवरून सगळ्यांनी डोळे मिटून उतरावं. मैनी हरणीला माफ केलं आहे. तिचं लक्ष नव्हतं."

कायदा ऐकून मावशीला भरून आलं. डोळे मिटून बारा पायऱ्या! तिनं रातोरात दात घासले. सकाळपासून जबडा उघडून बसली.

ससे उतरले. रानडुकरं उतरली. म्हातारा गवा उतरला. मैनी उतरली. महिन्याभरानं तिचं पाडसही तिच्या मागून टुणटुणत उतरलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. कुणीही पडलं नाही. कुणाचा पायही अडखळला नाही. मावशी वाळून पालीसारखी झाली.

वर्षाच्या शेवटी अहवाल निघाला : 'पाणवठ्यावरील अपघात शून्य. कारण : डोळे मिटण्याचा कायदा.'

हौसाबाई पुन्हा तरसाकडे गेली. "कारभारी, कारण कायदा नाही. बाराही पायऱ्या एका काट्याच्या मापाच्या आहेत, हे कारण आहे. तेवढं लिहा."

तरस पुन्हा हसायला लागला होता. "अहो बाई, काटा अहवालात कुठे घालता? टोचतो तो."

शेजारच्या जंगलातून अभ्यास-मंडळ आलं. त्यांनी डोळे मिटून पायऱ्यांची पाहणी केली. त्यांनी ठसे नेले, कायद्याची नक्कल नेली, फीत कशी तोडावी हेही लिहून नेलं. हौसाबाई काटा घेऊन त्यांच्या मागे मागे फिरली. "अहो, हे माप तरी न्या!" पण त्यांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांना जेवायची घाई होती.

तिकडे पायऱ्या बांधल्या राजाच्या मेहुण्यानं. एक पायरी चार बोटं, दुसरी हातभर, तिसरी बांधायची राहूनच गेली. उद्घाटन मात्र थाटात झालं. सगळ्यांनी वेळेवर डोळे मिटले.

मगरमावशी आता तिकडेच असते. तज्ज्ञ सल्लागार म्हणून गेली. तब्येत सुधारली आहे म्हणतात.

तात्पर्य : डोळे मिटून चालणारा आपटतो, असं मोठी माणसं सांगतात. ते खोटं आहे. गवंडी चांगला असेल, तर राजा कसाही असो, प्रजेनं खुशाल डोळे मिटून चालावं. गवंडी चांगला आहे की नाही, हे बघायला तेवढे डोळे उघडावे लागतात. त्याला कायद्यानं बंदी आहे.