मर्विनवाचून अडणाऱ्या बसगाड्या

ज्युरीसाठी कोर्टाचं बोलावणं आलं, तेव्हा मर्विन पेंगेलीने ते निमूटपणे खिशात घालायला हवं होतं आणि ठरल्या दिवशी जाऊन यायला हवं होतं. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बेंडिगोत दरवर्षी कितीतरी माणसं तसं करतात, आणि त्यापायी कुणाचं वाटोळं झाल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही. पण मर्विनने एक छोटीशी गोष्ट ठरवली. बोलावणं टाळायचं, आणि त्यासाठी डेपोकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या : ‘मर्विन पेंगेली यांच्यावाचून आमचं काम अडेल.’

ज्युरीत बसायला त्याची ना नव्हती. त्याला हवं होतं ते वाक्य. (अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला असं एखादं वाक्य का हवंसं वाटतं ते मला विचारू नका. मी सत्तरी ओलांडली आहे आणि मलाही अजून उत्तर सापडलेलं नाही.)

मर्विन बस डेपोत ड्युट्या लावायचा. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी कधी न्यायची, कुणाची सुट्टी कुणी भरून काढायची, हा तक्ता तो वर्षानुवर्षं एकहाती करत आला होता. आणि नेमकं त्याच महिन्यात मेलबर्नच्या मुख्य कचेरीने कळवलं होतं की बेंडिगोच्या ऑफिसातली एक खुर्ची उठणार. खुर्च्या दोनच. एक तिकिटांच्या खिडकीची, दुसरी मर्विनची. खिडकीशी लोक रोज येऊन तोंडावर शिव्या देत, म्हणजे ती खिडकी गरजेची आहे हे उघडच होतं. मर्विनला शिव्या देत फक्त ड्रायव्हर, आणि त्याही पाठीमागे.

“फक्त एवढंच लिही ग्लेनिस,” तो डेपोच्या मॅनेजरबाईंना म्हणाला, “की माझ्यावाचून काम अडेल.”

ग्लेनिस मनाने चांगली बाई. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मर्व्ह, कोर्टाला लिहायचं म्हणजे शपथेवर लिहावं लागतं रे.”

“मग?”

“मग काय मग? या वयात मला खोटी शपथ घ्यायला लावतोस?” हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि ती घाईघाईने म्हणाली, “म्हणजे, तू बिनधास्त जा. लागतील तितके दिवस घे. पगार आम्ही द्यायचा असा कायदाच आहे. आमची अजिबात काळजी करू नकोस.”

त्याला एवढं घायाळ आजवर कुणी केलं नव्हतं, आणि तेही इतक्या प्रेमाने.

शुक्रवारी चहाच्या वेळी त्याला निरोप दिला गेला. खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटचे केक आले. कोस्टा नावाचा ड्रायव्हर, ज्याला मर्विन नियमाने दर रविवारी पहाटेची गाडी देत असे, कप उंचावून उभा राहिला.

“देवा, खुनाची केस मिळू दे! चांगली लांबलचक!”

“मर्व्हसाठी?” कुणीतरी विचारलं.

“छे, आपल्यासाठी!”

सगळे हसले. मर्विनही हसला, आणि केकचं खोबरं त्याच्या घशात अडकलं.

सोमवारी तो टाय लावून कोर्टात गेला. तिथली रीत अशी : चिठ्ठी निघते, कारकून तुमचा नंबर आणि तुमचा धंदा मोठ्याने वाचतो, आणि तुम्ही आरोपीच्या समोरून चालत ज्युरीच्या बाकाकडे जायचं. तुम्ही टेकायच्या आत आरोपीने ‘हरकत’ म्हटलं, की तुम्ही बाद. आरोपीला तीन वेळा असं करता येतं. का, हे त्याने सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही.

आरोपी होता डूली. शेजाऱ्याच्या मेंढ्या परस्पर हाकून नेल्याचा आळ. पन्नाशीचा, उन्हाने भाजलेला गडी, आणि गळ्यातला टाय बहुधा वकिलाचा. त्याने मानेपर्यंत गोंदवलेल्या एका इसमाला जाऊ दिलं. च्युइंगम चघळणाऱ्या बाईला जाऊ दिलं. एक म्हातारा बाकापर्यंत पोचता पोचता पेंगत होता, त्यालाही जाऊ दिलं.

“बस डेपोतील ड्युटी अधिकारी,” कारकुनाने वाचलं.

मर्विन छाती पुढे काढून चालू लागला. डूलीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

“हरकत.”

“का?” मर्विनच्या तोंडून निघून गेलं.

न्यायाधीशबाई सौम्यपणे म्हणाल्या, “कारण द्यावं लागत नाही, महाशय. तुम्ही मागे जाऊन बसा.”

जेवणाच्या आत त्याला सोडूनही दिलं. ‘कामावर गेलात तरी चालेल,’ असं शिपाई म्हणाला. मर्विन गाडीत बसला आणि बायकोने दिलेलं सँडविच खाऊ लागला. ज्याच्यावर चोरीचा आळ आहे त्यालासुद्धा आपण नको आहोत! आता डेपोत परत जायचं आणि काय सांगायचं? कोस्टा काय म्हणेल? आणि सँडविचच्या शेवटच्या घासाबरोबर त्याला ती कल्पना सुचली.

जायचंच नाही. आपण ज्युरीत आहोत असं समजू द्यायचं. आपण नाही म्हटल्यावर तक्ता कोसळणार, गाड्या उशिरा सुटणार, प्रवासी ओरडणार. महिनाअखेर मेलबर्नचा साहेब येईल तेव्हा ग्लेनिस त्याच्या पाया पडून सांगेल, खिडकी उठवा पण मर्विनला ठेवा. आणि कुठे होतास, कसली केस, असं कुणी विचारूही शकणार नाही. ज्युरीतल्या माणसाने बोलायचं नाही, हा कायदा!

(योजना वाईट होती का? मला ठरवता येत नाही. मी तिच्यात फार वेळ चूक शोधली, आणि मला सापडली ती एकच. तो स्वतःला ओळखत नव्हता.)

घरी नोएलीनने विचारलं, “काय रे, कसली केस?”

“सांगता येत नाही. कायदा आहे.”

“मला पण नाही? मी बायको आहे तुझी.”

“एक अक्षर नाही.”

नोएलीनने मांसाची भाजलेली वडी त्याच्या ताटात वाढली. तो गप्प बसून जेवला. रोजच्यासारखी कोस्टाची रजा नाही, सुट्टीच्या दिवसांचा घोळ नाही, ‘माझ्या जागी दुसरा असता तर’ नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. नोएलीन सावकाश, चवीने जेवली. मग हात पुसत म्हणाली, “मर्व्ह, मला हे कायदेबियदे कधी पटले नाहीत. पण हा फार विचार करून केलेला दिसतोय.”

दुसऱ्या दिवसापासून मर्विन टाय लावून घरून निघायचा आणि कोर्टाच्या शेजारच्या रोझलिंड पार्कात जाऊन बसायचा. एका झाडाखालून मुख्य रस्त्यावरचा बसथांबा नीट दिसत होता. झाडावर वटवाघळं लटकलेली असत, आणि ती वर काय करतात ते त्याच्या टोपीवर कळे. पण जागा मोक्याची होती. घड्याळ हातात धरून तो सर्वनाशाची वाट पाहू लागला.

पहिली गाडी वेळेवर आली. दुसरीही. ‘आज अजून माझाच तक्ता चालू असणार,’ तो स्वतःशी म्हणाला. बुधवारीही गाड्या वेळेवर आल्या. गुरुवारी पाच नंबर येईना, तेव्हा तो आनंदाने उठून उभा राहिला. पण घड्याळच पुढे गेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तर अघटित घडलं. गाडी चालवता चालवता कोस्टा शीळ घालत होता! मर्विनच्या तक्त्यात कोस्टाने कधी शीळ घातली नव्हती.

फोन तो सारखा हातात धरून होता. ‘मर्व्ह, वाचव!’ असा फोन येणार, आणि आपण म्हणणार, ‘माफ करा, कोर्ट चालू आहे.’ फोन आला एकदाच.

“मर्व्ह, कोर्टात आहेस का? पटकन सांग,” कोस्टाचा आवाज.

“सुट्टी आहे चहाची. बोल, बोल! काय झालं? कोणती गाडी?”

“गाडी नाही रे. बिस्किटांच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस?”

त्याच दुपारी कुणीतरी बाकावर येऊन शेजारी बसलं. डूली. गळ्यात टाय नव्हता.

“सोडलं मला,” तो आपणहून म्हणाला. “बाराही जण म्हणाले, निर्दोष. भली माणसं. काय रे, तू तोच ना? मी घालवला तो?”

मर्विनला राहवलं नाही. “का घालवलंस मला? ती च्युइंगमवाली चालली, तो झोपलेला चालला. माझ्यात काय खोट होती?”

“खोट?” डूली चकित झाला. “अरे बाबा, माझी म्हातारी आई पाच नंबरच्या बसने दवाखान्यात जाते. तिचं रक्त मशीनवर साफ करतात, चुकवून चालत नाही. तो कारकून म्हणाला, बस डेपोतला ड्युट्यांचा अधिकारी. म्हटलं, या माणसाला इथे कोंडून ठेवला तर गाड्यांचं काय होईल? माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण आईची बस चालली पाहिजे. म्हणून म्हटलं, हरकत.”

मर्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या गावात एका माणसाला त्याची किंमत कळली होती, आणि तीही स्वतः पिंजऱ्यात उभं असताना!

“हे तू आमच्या मॅनेजरबाईंना सांगशील? जसंच्या तसं?”

“सांगेन की. चल. मला काय, आता वेळच वेळ आहे.”

(इथे मर्विनच्या काय लक्षात यायला हवं होतं ते तुमच्या केव्हाच आलं असेल. त्याच्या आलं नाही. आनंदात डोकं चालत नाही म्हणतात, आणि मर्विनला तर आनंदाचा सरावही नव्हता.)

ग्लेनिसच्या खोलीत एक सुटातले गृहस्थ चहा घेत बसले होते. मर्विनला पाहून ग्लेनिसने भुवया उंचावल्या, मग डोळे वटारले, मग हळूच मान हलवली. मर्विनला यातलं काहीच कळलं नाही.

“हेच का मिस्टर पेंगेली?” गृहस्थ उठून उभे राहिले. “मी कालेया, मेलबर्नहून. या, या! अहो, दोन आठवड्यांत एक गाडी उशिरा नाही, एक ड्रायव्हर कुरकुरत नाही. ग्लेनिसबाई सांगत होत्या, ज्युरीला जाण्याआधीच तुम्ही सगळ्या ड्युट्या लावून गेलात. असं काम मी अख्ख्या राज्यात पाहिलं नाही. तुमच्या खुर्चीला आता कुणी हात लावणार नाही.”

जी बाई कोर्टासाठी खोटं लिहायला तयार नव्हती, ती मर्विनसाठी तोंडी धडधडीत खोटं बोलली होती. शपथ नव्हती, म्हणून तिला जमलं. मर्विनला हे सगळं उमगलं, पण दोन क्षण उशिरा. तेवढ्यात डूलीने घसा खाकरला.

“मी पण तेच सांगायला आलोय, साहेब. याच्यावाचून गाड्या चालायच्या नाहीत, म्हणून तर मी याला पहिल्याच सकाळी ज्युरीतून घालवला.”

“डूली, चल आपण...” मर्विन म्हणाला.

“पहिल्याच सकाळी?” कालेयासाहेबांनी विचारलं.

“पहिल्याच. दुपारचं जेवण व्हायच्या आत.”

ग्लेनिसने डोळे मिटून घेतले.

“मग मिस्टर पेंगेली, इतके दिवस तुम्ही होतात कुठे?”

मर्विनने तोंड उघडलं, पण साक्ष द्यायची डूलीला आता गोडी लागली होती. “बागेत होता की! रोज. आम्ही कोर्टातून बाहेर येताना दिसायचा. माझा वकील म्हणायचा, बघ, तुझा हरकतवाला बस मोजत बसलाय.”

“मी लक्ष ठेवून होतो,” मर्विन कसाबसा म्हणाला.

“कशावर?”

“गाड्या उशिरा येतात का, त्यावर.”

“आल्या?”

“नाही,” मर्विन म्हणाला.

“मग ड्युट्या लावल्या कुणी?”

दारात कोस्टा उभा होता, हातात बिस्किट. (कपाट त्यांनी फोडलं असावं.) “आम्हीच लावल्या, साहेब. चहा पिता पिता. कुणाला काय हवं ते एकमेकांना विचारलं, झालं.”

कालेयासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. ग्लेनिसच्या शब्दाखातर त्यांनी पगार परत मागितला नाही, पोलिसांतही कळवलं नाही. फक्त खुर्ची त्याच दिवशी उठवली. ड्रायव्हर तिला चहाच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक कमी पडत होती म्हणे.

डूली आणि मर्विन डेपोबाहेर उभे राहिले. पाच नंबरची गाडी अगदी वेळेवर समोरून गेली.

“माझं चुकलं का रे?” डूली म्हणाला. “मी तुझं भलं करायला गेलो.”

“कळलं मला,” मर्विन म्हणाला. नोएलीनला आता काय सांगायचं, आणि उद्यापासून दिवसभर घरात बसून तिच्याशी बोलायचं म्हणजे तिचं काय होईल, याचा तो विचार करत होता.

डूलीने बुटाने जमीन उकरली. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “माझ्याकडे येतोस का कामाला? मेंढ्यांचं काम आहे. ट्रक कधी सुटायचा, कुठल्या फाटकाशी कुणी उभं राहायचं, कोणी कधी परतायचं, हे कुणीतरी चोख लावून द्यायला हवं. आमच्यात ते कुणालाच जमत नाही. मागच्या खेपेला वेळ चुकली, म्हणून तर पकडला गेलो.”

मर्विनने टाय नीट केला.

“सुट्टी कुठल्या दिवशी असते?” त्याने विचारलं.

“पौर्णिमेला,” डूली म्हणाला.