स्नाफू या शब्दाच्या उगमाची चौकशी

सैन्य पोटावर चालतं, असं म्हणतात. साफ खोटं. सैन्य आद्याक्षरांवर चालतं. पोट आणि पाय या दुय्यम बाबी आहेत.

आमच्या अमेरिकन सैन्यात माणूस भरती झाला की आधी त्याचे केस आखूड करतात, मग नाव, आणि पुढे जमल्यास आयुष्य. हे योग्यच आहे. पूर्ण शब्द बोलत बसलं तर लढायचं कधी?

ही शिस्त शिपायांच्या इतकी अंगी मुरली की त्यांनी आपणहून एक आद्याक्षरी शब्द काढला: स्नाफू. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, अर्थ, 'परिस्थिती नेहमीसारखीच, सगळा बट्ट्याबोळ.' (मूळ शब्द बट्ट्याबोळ नाही. पण हे कुणी घरात मोठ्यानं वाचेल.) डब्यात पुन्हा तोच खिमा निघाला, स्नाफू. आपल्या तोफांचे गोळे आपल्याच टेकडीवर पडले, स्नाफू. त्याहून मोठा शब्द फुबार, म्हणजे 'ओळख पटणार नाही इतका बट्ट्याबोळ'. तो आम्ही जपून वापरायचो. आजच संपवला तर उद्या काय म्हणणार?

दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आमची कंपनी इटलीच्या डोंगरात बर्फाच्या पाण्यात उभी होती. जाड बूट येणार होते. सगळ्यात वाईट पाय रॉस्को प्रुइटचे. हा केंटकीचा गडी गावी डोंगरवाटांनी पायी टपाल वाटायचा, आणि परत जाऊन तेच करायचं एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आठवड्यात कोरडे बूट मिळाले तर बोटं वाचतील."

सार्जंट टॅकेट रोज मुख्यालयाला फोन करायचे. एके दिवशी तिकडून उत्तर आलं की मागणी विचाराधीन आहे. सार्जंट भडकले. "पोराचे पाय सडतायत आणि तुम्ही विचार करताय? स्नाफू! दुसरं काय!"

मुख्यालयानं तातडीनं दखल घेतली. बुटांची नव्हे, शब्दाची. हा शब्द कुठून आला, प्रथम कोण बोललं, त्यानं मनोधैर्य कितपत खचतं? (पाय खचले तर इस्पितळ आहे, मनोधैर्य ठेवायचं कुठे?) लगोलग चौकशी समिती नेमली गेली.

ज्या ट्रकमधून बूट यायचे, त्याच ट्रकमधून समिती आली. बुटांना जागा उरली नाही म्हणावं तर तसंही नाही. आघाडीवरचा चिखल लक्षात घेऊन समितीच्या तिन्ही सदस्यांना नवे जाड बूट देण्यात आले होते. कोणाचे, हे विचारणं असभ्यपणाचं होतं. रॉस्कोनं विचारलं.

"सर, ते बूट माझ्या मापाचे दिसतात."

"विषयाला धरून बोल," समितीचे अध्यक्ष मेजर प्रेन्टिस म्हणाले. "स्नाफू हा शब्द तू पहिल्यांदा कुठे ऐकलास?"

"ऐकला नाही, सर. खाली बघितलं, आपोआप तोंडात आला."

"उगम माहीत नाही," मेजरांनी लिहून घेतलं.

"अहो, उगम तुमच्या पायात आहे!" सार्जंट ओरडले.

"सार्जंट, आवाज खाली. मनोधैर्य खचतं."

चौकशी कसून झाली. पायदळानं तोफखान्याकडे बोट दाखवलं, तोफखान्यानं कारकुनांकडे, कारकुनांनी आचाऱ्याकडे. आचारी म्हणाला, "बायबलात असेल. सगळंच असतं त्यात." समितीनं एका आठवड्याऐवजी दोन आठवडे मुक्काम ठोकला, बूट फार उबदार होते म्हणे.

निष्कर्ष असा: शब्दाचा उगम अज्ञात. अर्थ समिती सोडून सर्वांना ज्ञात. सबब शब्दावर बंदी, आणि समितीचं नाव फार लांब असल्यानं ते आद्याक्षरांत लिहावं.

रॉस्कोच्या डाव्या पायाची सगळी बोटं कापली. मी इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा तो पांघरुणाकडे बघत होता. "आमच्या वाटा चढाच्या आहेत रे," म्हणाला. "आता टपाल कोण वाटणार?" मला रडू आलं. बूट मे महिन्यात आले. ऊन छान पडलं होतं.

वाचकहो, तुम्हाला आमच्या सैन्याची कीव आली असेल. एवढीशी गोष्ट सांगायला पाच शब्दांची आद्याक्षरं जुळवावी लागतात, मग त्यावर समिती बसते. तुमचं काम फार सुटसुटीत. तुमच्याकडे हाच अर्थ सांगणारा शब्द आधीपासून आहे, त्यावर बंदी नाही, आणि त्याचा उगम कुणी विचारत नाही. मघाशी रॉस्कोची बोटं गेली, तेव्हा तुम्ही एक सुस्कारा सोडून तोच मनात म्हणालात आणि पुढे वाचू लागलात:

"चालायचंच."