सुनंदाच्या मापाची गाडी

वजन विचारल्याशिवाय निकमांची कुणाशी ओळख पूर्ण होत नाही. आम्ही सातपूरच्या या सोसायटीत राहायला आलो तेव्हा सामान अजून टेम्पोतच होतं, आणि हे गृहस्थ समोर येऊन मला म्हणाले, "नमस्कार वहिनी. वजन किती तुमचं?" मी असं काही बघितलं की दुसरा कुणी असता तर पळाला असता. निकम शांतपणे म्हणाले, "पर्ससकट सांगितलं तरी चालेल."

पुढे कळलं, माणूस निरुपद्रवी आहे. अंबडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम. तिथे दिवसभर मापं घेऊन भागत नाही म्हणून घरी येऊनही मापंच. आमच्याकडे आले की आधी खुर्ची मागेपुढे करून बघणार, मग चहा. आमच्या ह्यांच्या स्कूटरचे आरसे तर त्यांनी न विचारताच फिरवून ठेवले. हे आठवडाभर धुसफुसले, पण आरसे तसेच ठेवले.

ही झाली किरकोळ वेडं. खरं वेड म्हणजे ती मोटारसायकल. डोंगरात चालवायची असते तसली, उंच, हडकुळी, पुढचं मडगार्ड चाकापासून पार वर. निकम ती चालवत नाहीत. चालवते त्यांची बायको.

सुनंदा शिक्षिका आहे. शाळा पेठच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून पार आत, एका पाड्यावर. शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे, मध्ये एक ओढा. तिथे तिची स्कूटर घसरली आणि डावं मनगट मोडलं. मग काय, दोन्हीकडचे नातेवाईक सल्ले घेऊन हजर! कुणी म्हणे नोकरी सोड, कुणी म्हणे तिथेच राहा आणि शनिवारी येत जा. तिचा भाऊ तर तिकडे खोलीसुद्धा बघून आला. निकम एवढंच म्हणाले, "खोलीबिली काय नाय. गाडी बदलू."

आणि ही जुनी गाडी आणली. सुनंदा जेमतेम माझ्या खांद्याला लागते. ती वर बसली तर दोन्ही पाय हवेत! अख्खी सोसायटी गॅलरीत उभी राहून हसली. मीही हसले, तर निकम माझ्यावरच उखडले. "ब्लाउज मापाचं शिवून घेता ना वहिनी? मग गाडीच का तयार घालायची अंगात?"

तेव्हापासून दर रविवारी पार्किंगमध्ये एकच घोष, "बसून दाखव." सुनंदानं बसायचं, मी समोरून हँडल धरायचं आणि निकम टेप घेऊन मागच्या चाकाशी उकिडवे. ती बसल्यावर गाडी किती दबते ते बघायचं आणि त्याप्रमाणे शॉकअपची स्प्रिंग पिळायची नाहीतर सैल करायची.

"उतर. परत बस. अशी नको गं, शाळेला निघाल्यासारखी बस."

"म्हणजे कशी? डबा विसरल्यासारखी?"

पण माणूस हटला नाही. पाय सरळ खाली यावेत म्हणून सीटचा फोम दोन्ही बाजूंनी तासला. क्लच दाबताना मनगट दुखतं म्हणून त्याचा दांडा तिच्या बोटांजवळ आणला. दगडांतून जाताना उभं राहून चालवायची असते म्हणे, म्हणून हँडल तिच्या उंचीला बसवलं. मग सुनंदा पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून पार्किंगमध्ये उभ्यानं चकरा मारायला लागली. आणि मी कणकेच्या हातांनी बघत उभी. घरी गॅसवर भाजी करपतेय, त्याचं काय?

शेवटी एकदाचे तिचे चवडे जमिनीला टेकले आणि बाई शाळेला निघाल्या. आता खोलीचं नाव कुणी काढणार नाही असं वाटलं. पण कसलं काय! जाताना गाडी झकास, येताना मागून दणके. मनगट पुन्हा सुजलं. भावाचा फोन आला, "खोली अजून रिकामी आहे बरं का." निकमांचं खाण्यावरचं लक्ष उडालं. स्प्रिंग खोलली, शॉकअपचं तेल बदललं, तरी तेच.

एका संध्याकाळी मी सहज सुनंदाची सॅक उचलायला गेले, तर उचलेना. आत नागली, अख्खं डांगर, वालाच्या शेंगा! पाड्यावरची माणसं बाईंना कधी रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, आणि निकमांनी मापं घेतलेली सकाळच्या हलक्या सॅकची.

"अहो, नाही कसं म्हणू त्यांना?" सुनंदा ओशाळली.

"कशाला नाही म्हणायचं?" निकम म्हणाले. " परतीचं वजन धरून करतो ना सेटिंग."

"मग सकाळी कडक लागेल."

"सकाळी ताजी असतेस. दमून येतेस तेव्हा त्रास नाय व्हायला पाहिजे."

दणके थांबले. मग आली ती नागली कापणीच्या दिवसांतली संध्याकाळ. अंधार पडून बराच वेळ झाला तरी सुनंदा नाही. तिकडे रेंज नसते, फोन लागेना. निकम फाटकात उभे. मी म्हटलं, "वर चला, दोन घास खाऊन घ्या."

"नको."

"अहो, उपाशी राहून ती लवकर येणार आहे का?"

"वहिनी, मला एकट्याला जेवता येत नाय," निकम म्हणाले. "नोकरी सोड म्हणायचा मला हक्क नाय. पोरांवर जीव आहे तिचा. आणि तिथंच राहा म्हणायचं, तर ते माझ्या तोंडातून निघत नाय. मग माझ्या हातात उरलं काय? पाना आणि टेप. आज काही झालं असेल, तर ते माझ्या हट्टापायी."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

कोपऱ्यावरून उजेड वळला. सुनंदा! धुळीनं माखलेली, सॅक टम्म फुगलेली. "अहो, पालकसभा होती. माणसं शेतातून आल्याशिवाय कुणाची सभा घेणार? घाबरलात का?"

निकम गाडीजवळ आले. खाली बसले आणि मागची स्प्रिंग चाचपायला लागले.

सुनंदानं हेल्मेट काढलं. "अहो, गाडीला काही झालेलं नाही. इकडे माझ्याकडे बघा."

निकमांनी वर बघितलं आणि तिथेच, फाटकात, लहान मुलासारखे रडायला लागले. वरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. कुणी हसलं नाही.

सुनंदानं सॅक माझ्या हातात दिली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. "चला," ती म्हणाली, "मला पण भूक लागलीय."