ढोमणेंची पोच

तिळगूळ देऊन त्याची पोच मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. संक्रांतीला आमच्या दारात उभं राहून ढोमणेंनी एका हातानं डबा पुढे केला आणि दुसऱ्या हातानं कागद. 'अकरा लाडू मिळाले', खाली सहीला जागा.

"पोच देऊन द्या जी."

बायको हसू आवरायला आत पळाली. मी सही केली.

चंदीगडच्या त्या सरकारी संस्थेत मराठी असे आम्ही दोघेच. ते हिंगणघाटचे, भांडारात. मी साताऱ्याचा, आस्थापना शाखेत. म्हणजे लोकांच्या रजा आणि नोकरीचे दिवस लिहिणारा. सेक्टर बावीसला एका भाड्याच्या खोलीत ते एकटेच राहत. त्यांच्या दूधवाल्यानं मला एकदा रस्त्यात गाठलं. "बाऊजी, तुहाडे मराठी सारे दुद्ध दी वी रसीद मंगदे ने?"

दुधाचीही पोच मागता म्हणे, असं मी ढोमणेंना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "एकवीस वर्षं रोजंदारीवर राबलो जी. कायम करतेवेळी साहेब म्हणे, पुरावा आणा. एका दिवसाची पोच नव्हती माह्याजवळ."

पन्नाशीला टेकल्यावर ते कायम झाले. पेन्शनचं नाव काढायची सोय नव्हती. मग मध्येच नियम बदलला: दहा वर्षं सेवा भरेल त्याला दरमहा ठरावीक पेन्शन. हिशेब मीच करून दिला. साठीला निवृत्त होताना त्यांची सेवा भरत होती दहा वर्षं आणि अकरा दिवस.

"म्हणजे अकरा दिवस जास्तीचे!" ते म्हणाले, आणि त्या अकरा दिवसांना त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. अंगात ताप घेऊन आले, जानेवारीच्या धुक्यात सायकलची घंटी सतत वाजवत आले. कॅन्टीनमध्ये कुणीतरी ओरडायचं, "ढोमणे जी, छींको मत, छुट्टी कट जाएगी!" ढोमणे खरंच रुमाल तोंडाला लावायचे.

निवृत्तीला दीड महिना उरला तेव्हा हिंगणघाटला त्यांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. सतरा दिवसांची रजा. शिल्लक रजा भरपूर होती. अर्ज मंजूर झाला की सेवेचा एक दिवसही कमी होणार नव्हता. त्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, सोबत नक्कल. "पोच देऊन द्या जी."

मी वैतागलो होतो. नकलेवर सही ठोकली, अर्ज खणात सरकवला आणि मुलीच्या प्रवेशासाठी मोहालीला पळालो.

तो खणातच राहिला. हजेरीत सतरा दिवस विनापरवाना गैरहजेरी लागली आणि पेन्शनचे कागद शेरा मारून परत आले: सेवा सहा दिवसांनी कमी. त्याच दुपारी मला अर्ज सापडला. मी तो चौघडी करून शर्टाच्या खिशात घातला. माझ्यावर आधीच एक मेमो होता, बढतीची यादी लागायची होती. ही कारणं आहेत. यांतलं एकही पुरेसं नाही.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "ढोमणे जी, अर्जी दी थी या नहीं?"

ढोमणेंनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझ्या खिशाकडे. "नहीं जी. रह गया."

खिशातला अर्ज तसाच घेऊन मी बाहेर आलो.

ते गावी निघाले तेव्हा सामान बांधायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. सामान म्हणजे एक ट्रंक, सायकल आणि पोचांच्या सात फाइली. ते स्टोव्हवर चहा ठेवत होते. मी सहज शेवटची फाइल उघडली. सगळ्यात वर रजेच्या अर्जाची नक्कल. तारीख स्पष्ट, सही माझी.

"हे दाखवलं का नाही तुम्ही?"

त्यांनी फाइल हातातून काढून घेतली, नाडी बांधली. "दोन पोरी शिकून राहिल्या तुमच्या. मी एकटा माणूस. बसा जी, चहा होते."

मी बसलो नाही. गाडीची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटत जिना उतरलो. गाडी त्यांची होती.

या गोष्टीला आठ महिने झाले. मला बढती मिळाली. गेल्या सोमवारी मी झालेलं सगळं लिहून, तो चौघडी केलेला अर्ज जोडून साहेबांकडे दिलं आणि नक्कल पुढे केली. आवक टेबलावरची मुलगी म्हणाली, "अपने ही दफ्तर में रसीद, सर?" म्हटलं, हो, शिक्क्यासकट. ती नक्कल मी हिंगणघाटला पाठवली. त्यांचं प्रकरण आता उघडेल की नाही, माझं काय होईल, मला ठाऊक नाही.

काल उत्तर आलं. पोस्टकार्ड. 'आपला कागद मिळाला', तारीख, सही. खाली पट्टीनं आखलेल्या चौकटीत एक ओळ:

'शेरा: तुमचा चहा राहिला आहे.'